पंधराव्या दिवशीची पत्रावळ

या वेळचं पत्र संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आलं आहे. नाव-गाव वगळून आणि थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मे २०२० मध्ये माझे धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी नालासोपाऱ्याहून गावी आली. आमच्या ग्राम कृती दलात मी होते. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाने चौदा दिवस शाळेत राहायचं असं आम्हीच ठरवलं होतं. घरी सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, शुगरवाल्या. मी बैठकीत उभी राहून सांगितलं, की आमची माणसं आली तरी शाळेतच राहतील, आपला-परका करायचा नाही. तसंच केलं. रोज दोन वेळा डबा शाळेच्या गडग्यावर ठेवून यायचे. चौदा दिवस झाल्यावर ती घरी आली. तरी काही दिवस आम्ही काळजी घेतली, पडवीत झोपायला दिलं, पत्रावळीवर जेवायला वाढलं. वाडीतली पोरं मुलीला 'मुंबईची कोरोना' म्हणायची, पण पोरांना कोण आवरणार! जुलैत ती परत गेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत सासूबाई हृदयविकाराने गेल्या, तेव्हा दीर येऊ शकले नाहीत. त्यानंतर एकदाही गणपतीला आले नाहीत. खर्चाचा त्यांचा वाटा दरवर्षी चतुर्थीच्या आधी आठ दिवस मोबाइलवर येतो, सोबत एक शब्दही नसतो. मिस्टर म्हणतात, सोडून दे. माझा जीव मानत नाही. पण माफी मागायची तर कशाची? आमच्या वाडीत त्या उन्हाळ्यात एकही माणूस दगावला नाही. उद्या परत साथ आली तर मी पुन्हा तेच करीन. माझं चुकलं काय, ते सांगा."

वहिनी,

तुम्ही वाडीच्या वहिनी, म्हणून मीही तशीच हाक मारते.

चौदा दिवसांबद्दल आधी बोलू. त्यात तुमचं काही चुकलं नाही, आणि त्याची माफी मागायला मी तुम्हाला सांगणारही नाही. त्या मे महिन्यात लस नव्हती. अंगात विषाणू शिरल्यावर लक्षणं दिसायला दोनपासून चौदा दिवस लागत. बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशी ताप यायचा, काहींना कधीच यायचा नाही, आणि तरी त्यांच्याकडून दुसऱ्याला लागण व्हायची. कशेडी घाटात कपाळाला ती तापमानाची बंदूक लावून कोण आजारी आणि कोण धडधाकट हे कळणार नव्हतं. घरात चौऱ्याहत्तर वर्षांची, शुगर असलेली बाई. अशा वेळी आपल्या माणसाला वेगळा नियम लावला नाहीत, हे तुमचं मोठेपण. मी तेव्हा बऱ्याच गावांतून ऐकलं होतं, की सरपंचाचा भाचा थेट घरी गेला आणि मोलमजुरी करणारा शाळेत बसला. तुमच्या वाडीत ते झालं नाही.

पण तुम्ही प्रश्न चौदा दिवसांचा विचारलात, आणि पत्रातली माझ्या मनात रुतून बसलेली ओळ पंधराव्या दिवसाची आहे. "पडवीत झोपायला दिलं, पत्रावळीवर जेवायला वाढलं." ती ओळ तुम्ही भरभर लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले, आणि मला वाटतं तुमचे दीरही तिथेच थांबलेत.

ते दृश्य जरा परत डोळ्यांसमोर आणा. चौदा दिवस शाळेच्या फरशीवर काढून तिघं आपल्या घरी आली. ताप नाही, खोकला नाही. तुमच्याच कृती दलाच्या हिशेबाने ती आता मोकळी होती. स्वयंपाकघरात फळीवर ताटं उभी असतील, आपल्याकडे असतात तशी, कडेला नाव कोरलेली. त्यातलं एक दिरांच्या नावाचं असणार. ते फळीवरच राहिलं आणि बाहेर पडवीत त्यांच्यापुढे पत्रावळ आली. पत्रावळीत वाईट काहीच नाही, पंगतीला आपण सगळेच तिच्यावर जेवतो. पण त्या दिवशी आत माजघरात बाकीच्यांच्या पुढे काय होतं? ताटं होती. आठ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं.

साथीच्या नियमाने पाळलेलं अंतर आणि माणसाला लांब करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात, आणि आपल्या समाजात तर फारच सारख्या दिसतात. आपल्याकडे वेगळा कप, वरून ओतलेलं पाणी, उंबऱ्याबाहेरची जागा यांना शतकानुशतकांचा अर्थ आहे. कुणाला कुठवर आत घ्यायचं यावरून त्याची पायरी ठरवली गेली. वाळीत टाकणं हा शब्द तुम्हाला मी समजावायला नको. कोकणात गावकीने घरंच्या घरं वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागला. त्या मातीत वाढलेल्या माणसाला तुम्ही पडवीत बसवून पत्रावळ वाढलीत, तर 'ही माझ्या तब्येतीची काळजी' असं त्याला कसं वाटावं? त्याला जुनंच काहीतरी ऐकू येणार.

सरकारी कागदांतही दोन शब्द वेगळे होते. अलगीकरण म्हणजे लागण झाली असेल-नसेल अशा धडधाकट माणसाला काही दिवस वेगळं ठेवणं, आणि विलगीकरण म्हणजे खरोखर आजारी असलेल्याला वेगळं ठेवणं. बोलताना आपण दोन्हींना एकच 'क्वारंटाइन' म्हणून टाकलं आणि शाळेत बसलेला प्रत्येकजण लोकांच्या नजरेत रोगी झाला. तुमचे दीर रोगी नव्हते. तुमच्या सासूबाईंना, म्हणजे त्यांच्याच आईला काही होऊ नये म्हणून ते शाळेत राहिले. चौदा दिवस आईच्या हाकेच्या अंतरावर राहून ते घरात आले नाहीत. वाडीत कुणी दगावलं नाही असं तुम्ही अभिमानाने लिहिता, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण त्यातला अर्धा वाटा शाळेत बसलेल्यांचा आहे. तो त्यांना कुणी दिला का? चौदाव्या दिवशी शाळेच्या फाटकावर जाऊन कुणी म्हणालं का, की तुम्ही राहिलात म्हणून आम्ही राहिलो? पत्रात तसं काही नाही, म्हणून विचारते.

मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात केली. निवडणुकीत बोटाला लावतात तसल्या न पुसणाऱ्या शाईचा. मुंबईतल्या शिक्क्यावर लिहिलेलं होतं, की मुंबईकरांचं रक्षण करताना मला अभिमान वाटतो. मजकूर किती चांगला होता! आणि १८ मार्चला गरीब रथने सुरतेला निघालेल्या चार प्रवाशांच्या हातावर तेच शिक्के दिसले आणि त्यांना पालघरला गाडीतून उतरवलं. त्यांनी प्रवास करायला नको होता, हे खरंच. पण त्या दिवसापासून शिक्का म्हणजे अभिमान हा अर्थ गेला तो गेलाच. लोक हात बाहीत लपवू लागले. नंतर दारांवर पोस्टर चिकटली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घराबाहेर पोस्टर लावायचं नाही.

माणसाला लाज वाटायला लावली की तो आजार लपवतो, आणि लपवलेला आजार आधी घरातल्यांना आणि मग शेजाऱ्यांना गाठतो. पुण्याने हे १८९७ साली भोगलं आहे. प्लेग आला, त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, आणि रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोगी उचलून इस्पितळात, घरचे उचलून छावणीत. बायकांची तपासणी, देवघरात बुटांनी शिरणं, सामान जाळणं यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. रोग्याला वेगळं करायला हवं हे तत्त्व चुकीचं नव्हतं. टिळक सरकारवर तुटून पडत होते, पण त्यांनी स्वतः पुण्यात प्लेगच्या रोग्यांसाठी हिंदू इस्पितळ उभं करायला पुढाकार घेतला, म्हणजे वेगळं ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता. पण सोजिरांच्या धास्तीने लोक रोगी माळ्यावर, कोठीत लपवू लागले. जूनच्या २२ तारखेला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. सावित्रीबाई फुल्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. वस्तीपासून लांब, मोकळ्या रानात. म्हणजे तेही अलग ठेवणंच होतं. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला गाठ आल्याचं कळलं तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्या पोराला पाठीवर घेतलं आणि माळावर नेलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मूल दोन्हीकडे गावाबाहेरच गेलं असतं, सोजिरांनी नेलं असतं तरी आणि सावित्रीबाईंनी नेलं तरी. कुणी कसं नेलं, यात सगळा फरक आहे. तुम्ही दिराच्या मुलीला पाठीवर घ्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये तसं करणं चुकीचंच ठरलं असतं. पण पंधराव्या दिवशी तिला जवळ घेता आलं असतं.

माझी आजी साताऱ्याकडची. प्लेगच्या एका साथीत रानातल्या झोपडीत तिचा जन्म झाला. उंदीर पडू लागले की अख्खं गाव घरं सोडून माळावर जायचं, कुडाच्या झोपड्या घालायचं आणि साथ सरेपर्यंत तिथेच राहायचं. आजीची आई त्या दिवसांबद्दल सांगायची ते आजी आम्हाला सांगे, की रात्री भजन व्हायचं, वाण्याने दुकान रानात थाटलं होतं, आणि कुणाच्या झोपडीत काय शिजलं ते सगळ्यांना वासावरून कळायचं. हाल होतेच. पण त्या आठवणीत अपमान नाही. गावाने गाव सोडलं होतं, कुणी कुणाला हाकललं नव्हतं. सरकारी छावणीच्या नावाने थरथर कापणारी माणसं आपल्या पायांनी माळावर जात होती. म्हणून 'आपल्या लोकांना शिस्तच नको असते' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. लोक फार मोठं सोसायला तयार असतात, फक्त ते सोसणं त्यांच्या एकट्याच्या माथी मारलेलं नसावं.

हे निव्वळ माझं म्हणणं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी यायच्या आधीच, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चोवीस अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. सार्स, इबोला अशा साथींत वेगळं राहिलेल्या माणसांना कशाचा त्रास होतो, हे त्यात पाहिलं होतं. लागण होण्याची भीती, कंटाळा, अपुरी माहिती, वस्तूंची टंचाई, बुडालेली कमाई आणि लोकांनी लावलेला डाग, ही कारणं निघाली. यातली पैशाची आणि डागाची झळ वेगळं राहणं संपल्यावरही पाठ सोडत नाही. तुमच्या दिरांची कमाई त्या दोन महिन्यांत बुडालेली असणार. डाग कुठे लागला तेही आपण आता पाहिलं.

मी स्वतः त्या सप्टेंबरात पॉझिटिव्ह आले होते. आमच्या मजल्यावरची येण्याजाण्याची वाट पत्रा ठोकून बंद केली गेली, त्याचा आवाज मला दाराआडून ऐकू येत होता. तो आवाज अजून कानात आहे. आणि वरच्या मजल्यावरच्या काकू रोज संध्याकाळी सहाला गॅलरीतून खाली वाकून विचारायच्या, "आज भात गेला का गं?" तेही कानात आहे. दोघंही माझ्यापासून लांबच होते.

आता पुढचं. तुम्ही नालासोपाऱ्याला जा. फोनवर नाही, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही, आणि मिस्टरांच्या तोंडी निरोप पाठवूनही नाही. गणपतीचं आमंत्रण करायलाही जाऊ नका. आमंत्रण घेऊन गेलात तर दिरांना वाटेल, की गणपतीत घर भरलेलं दिसावं म्हणून आली. चतुर्थीच्या बरंच आधी जा, मुलीची परीक्षा नसेल असे दोन दिवस बघून. मुक्काम करा. त्यांच्या घरी जेवा, जाऊबाई वाढतील त्यात.

आधी जावेशी बोला. पडवीत तिला काय वाटलं ते दिरांनाही पुरतं ठाऊक नसेल. तुम्ही थोरल्या, म्हणून सुरुवात तुम्हीच करायची, आणि ती साधी असू दे: "शाळेत ठेवलं ते आईंसाठी होतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण घरी आल्यावर मी तुम्हाला बाहेरचं ठेवलं, ते माझं चुकलं." एवढंच. पुढे 'पण' लावू नका. 'तेव्हा काही कळत नव्हतं', 'सगळं गावच तसं वागत होतं', 'तुम्हीही समजून घ्यायला हवं होतं', यातलं एकही वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. खरं असलं तरी नाही. सासूबाईंचं नाव ढाल म्हणून तर अजिबात वापरू नका. आईच्या शेवटच्या दर्शनाला दीर येऊ शकले नाहीत. त्यांच्या मनात हे दोन्ही एकमेकांत गुंतलं असणार: आधी आईच्या घरात उंबऱ्याबाहेर बसलो, नंतर आईला पाहताही आलं नाही. दुसऱ्या गोष्टीत तुमचा दोष नाही. तरी ते बोलले तर मध्ये न तोडता ऐकून घ्या. रागावले तरी ऐका. इतकी वर्षं ते पैसे पाठवून गप्प बसलेत, एकदा बोलू देत.

मुलीशी वेगळं बोला. ती आता कळती झाली आहे. "पोरांना कोण आवरणार" असं तुम्ही लिहिलंत. वहिनी, तुम्ही आवरू शकत होतात. भर बैठकीत उभं राहून साऱ्या वाडीला नियम पाळायला लावणाऱ्या बाईचं चार पोरांनी ऐकलं नसतं का? ही गोष्ट मला पत्रावळीपेक्षा जास्त लागली. तिला सांगा, की तुला ते नाव ठेवलं जात होतं तेव्हा मी ऐकलं आणि गप्प राहिले. मोठ्या माणसाने असं कबूल केलेलं लेकरांना क्वचितच ऐकायला मिळतं.

लगेच सगळं निवळेल असं धरून चालू नका. या वर्षीही कदाचित नुसते पैसेच येतील. आले तर त्यावर पोच म्हणून तरी दोन ओळी लिहा. आजवर तुम्हीही काही लिहिलेलं दिसत नाही.

"परत साथ आली तर मी पुन्हा तेच करीन" असं तुम्ही म्हणता. चौदा दिवसांचं असेल तर जरूर करा, साथीप्रमाणे दिवस कमी-जास्त होतील तसे. २०२० च्या गणपतीला चौदाचे दहा झालेच होते. पण तुम्हाला वाडीत मान आहे, तर ग्रामसभेत आत्ताच काही गोष्टी मांडून ठेवा, साथ नसताना. शाळेच्या संडासाला पाणी आहे का, वर्गात रात्री दिवा आणि पंखा चालतो का, मोबाइल चार्ज करायला किती प्लग आहेत. ज्यांची मजुरी बुडेल त्यांच्या घरी शिधा कोण पोचवणार. डबा गडग्यावर ठेवून लगेच पाठ फिरवायची नाही, दहा हात लांब उभं राहून ते जेवेपर्यंत बोलत थांबायचं, हेही कामच समजा आणि पाळीपाळीने वाटून घ्या. वेगळं का ठेवतोय आणि कोणत्या तारखेला सोडणार, हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचं आणि ती तारीख पाळायची. आशाताई रोज ताप बघून जातील, पण त्या एकट्या पुऱ्या पडणार नाहीत. आणि शेवटच्या दिवशी वाडीतल्या चार माणसांनी शाळेवर जाऊन त्यांना घरापर्यंत आणायचं, सगळ्यांच्या देखत, ढोल लावून आणलंत तरी चालेल. म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठल्या पोराच्या तोंडून तसलं नाव निघणार नाही.

ते नावाचं ताट मात्र मुंबईला घेऊन जाऊ नका, आणि त्याचा विषयही काढू नका. फळीवरच राहू दे, पण घासून ठेवा. गणपतीला ती आली तर त्या दिवसांत सगळेच केळीच्या पानावर जेवतील. विसर्जन होऊन पाहुणे पांगले, की एखाद्या साध्या संध्याकाळी पिठी-भात कराल तेव्हा माजघरात सगळ्यांच्या रांगेत ते मांडा, आणि काही न बोलता वाढा.